मुदत संपण्यापूर्वी

माणसे मिळवणे अवघड, की मिळालेली माणसे टिकवणे अवघड? संसार असो वा संस्था, ज्याने चार माणसांचा गाडा हाकला आहे त्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. आपल्या परंपरेने तर दोन्ही गोष्टींसाठी एकच जोडशब्द करून ठेवला आहे: योगक्षेम. जे आपल्यापाशी नाही ते मिळवणे म्हणजे योग आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण करणे म्हणजे क्षेम, असा त्याचा अर्थ भाष्यकार सांगतात. मौज अशी की, योगाला वाजंत्री असतात, क्षेमाला नसतात. नव्या सुनेची वरात निघते. पण ती घरात रमावी म्हणून पुढची तीस वर्षे जे करावे लागते, त्याची वरात कोणी काढत नाही.

हा विचार मनात घोळू लागला तो फुटबॉलमुळे. जोयडा तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकाने फुटबॉलवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्याकडे मैदान म्हणजे बहुधा शाळेपुढचा सपाट केलेला उतार, आणि त्यावर कबड्डी, व्हॉलीबॉल नाहीतर क्रिकेट. पण अनमोडचा घाट उतरला की गोवा लागतो आणि गोव्यात फुटबॉल हा नुसता खेळ नाही, तो गावकीचा विषय आहे. आमची मुले कामधंद्यासाठी तिकडे जातात आणि गणपतीला परत येतात तेव्हा अंगावर क्लबाचा सदरा आणि तोंडी खेळाडूंची नावे घेऊन येतात. त्यांच्याच बोलण्यातून मला या जगातली एक रीत कळली. खेळाडूचा करार संपायला वर्ष-दीड वर्ष शिल्लक असतानाच क्लब त्याला बोलावतो आणि आणखी तीन-चार वर्षांच्या करारावर त्याची सही घेतो. संघाचा जो गाभा असतो, म्हणजे ज्या चार-पाच जणांवर संघ उभा असतो, त्यांच्या बाबतीत तर ही घाई हटकून केली जाते.

वरवर पाहता ही व्यवहाराची गोष्ट आहे. पण तिच्या पोटात नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे. उद्याचा माणूस आजच बांधून घेण्याचा अधिकार कोणाला कोणाच्या बाबतीत असतो, आणि कोणत्या अटीवर?

प्रथम ही रीत पडली कशी ते पाहू. एके काळी युरोपात करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. बेल्जियममधल्या लिएज क्लबाचा झाँ-मार्क बोसमान नावाचा खेळाडू होता. १९९० मध्ये त्याचा करार संपला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्क क्लबाकडे जायचे होते, पण जुन्या क्लबाला त्याचे पैसे हवे होते, आणि तो व्यवहार फिसकटला. करार नाही, पगार नाही आणि सुटकाही नाही, अशा अवस्थेत तो न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, मुदत संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबाला पैसे मागता येणार नाहीत. बोसमानच्या स्वतःच्या खेळाची वर्षे त्या लढ्यात गेली. पण पुढच्या पिढ्यांचा रस्ता मोकळा झाला. आज जागतिक संघटनेचा नियम असा आहे की, कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाशी करार करू शकतो. साहजिकच क्लब ती वेळ येऊ देत नाहीत. पूर्वी दार बाहेरून लावता येत होते. ते बंद झाल्यावर आतला माणूस थांबावा म्हणून त्याच्याशी वेळेवर बोलणे भाग पडले. मुदतपूर्व वाढीचा जन्म असा झाला आहे, आणि तो मुळात चांगल्या कुळातला आहे.

आता त्यात कोण काय देतो आणि कोण काय घेतो? समजा वीस वर्षांच्या मुलाचा करार दीड वर्षाने संपणार आहे. क्लब म्हणतो, आजच आणखी तीन वर्षांची सही कर, पगार वाढवून देतो. मुलाने सही केली आणि पुढच्या महिन्यात त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, तर क्लबाला त्याचा भार उचलावा लागेल. उलट सही केल्यावर तो देशाच्या संघात गेला, तर त्याला मिळायला हवा होता त्याहून कमी पगारावर तो खेळत राहील. शिवाय दुसऱ्या कोणाला तो हवा असेल तर क्लबाला रग्गड मोबदला मिळेल. म्हणजे मुलाने आपली उद्याची भीती क्लबाला दिली आणि त्याबदल्यात उद्याच्या आशेतला काही वाटा सोडून दिला. हा सौदा जोखमीच्या अदलाबदलीचा आहे. अशा अदलाबदलीत स्वतःहून पाप काही नाही. विमा काढतो तेव्हा आपण दुसरे काय करतो?

पण सौदा न्याय्य होण्यासाठी दोघांनाही उद्याचा अंदाज सारखाच असायला हवा, आणि तिथेच घोडे पेंड खाते. क्लबापाशी शेकडो खेळाडू पाहिलेले जाणकार असतात, डॉक्टर असतो, वकील असतो. मुलापाशी उमेद असते आणि घरी कर्जाचे हप्ते असतात. आपली किंमत किती हे त्याला कळायच्या आधी ती क्लबाला कळलेली असते. "आधी" या शब्दाला इथे दोन अर्थ येतात. माणसाला चिंता लागण्याआधी दिलेला आधार हा एक. आणि माणसाला शहाणपण येण्याआधी घेतलेली सही हा दुसरा. कागद एकच असतो.

आपल्या भागात हा फरक पुस्तकातून शिकायची गरज नाही. देशावरच्या शेतीत सालगडी ठेवण्याची पद्धत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. पाडव्याला साल संपायचे आणि पाडव्यालाच नवे ठरायचे. चांगला कास्तकार पाडव्याची वाट पाहत नसे. माघ-फाल्गुनातच तो गड्याला विचारायचा, "पुढच्या साली आहेस ना? काही अडचण असली तर आताच सांग." गडीही निश्चिंत, मालकही निश्चिंत. दोघांच्या बायकांना मुलांची शाळा आणि चुलीचे सरपण यांचा विचार वेळेवर करता यायचा. ही झाली मुदतवाढीची सोज्ज्वळ बाजू.

तिचीच दुसरी बाजू म्हणजे उचल. ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या परिसरातही येतात. हंगामाच्या कितीतरी आधी, पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा, मुकादम उचल देतो. त्या क्षणी ती रक्कम देवासारखी वाटते. मग हंगामभर कोयता चालवून ती फिटते किंवा फिटत नाही. नाही फिटली तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे. कन्नडात ज्याला जीत म्हणतात ती वेठबिगारी याच वाटेने पिढ्यानपिढ्या चालली आणि तिला कायद्याने मूठमाती द्यायला १९७६ साल उजाडावे लागले. पाहा, कास्तकाराने फाल्गुनात विचारले आणि मुकादमानेही वेळेआधीच पैसे दिले. दोघांनीही मुदत संपण्यापूर्वी माणूस राखला. एकाने विचारले तेव्हा समोरच्याला नाही म्हणता येत होते; दुसऱ्याने दिले तेव्हा येत नव्हते. नकार देण्याची ताकद शिल्लक असताना दिलेला होकार हाच खरा होकार.

फुटबॉलपटूची तुलना ऊसतोड कामगाराशी कशाला, असे कोणी म्हणेल. नामांकित खेळाडूच्या बाबतीत ते खरे आहे. त्याच्यामागे दलाल आणि वकील उभे असतात. पण प्रत्येक नामांकित खेळाडूमागे शंभर अनाम मुले असतात, आणि सह्या त्यांच्याही घेतल्या जातात.

माणसे राखण्याची गोष्ट निघाली की गोव्यातल्या धेंपो क्लबाचे नाव घ्यावेच लागते. २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत या क्लबाने देशाचे अजिंक्यपद पाच वेळा जिंकले. आधी राष्ट्रीय लीग दोनदा, मग आय-लीग तीनदा. पाचही वेळा मार्गदर्शक एकच, आर्मांदो कुलासो. क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी ही नावे वर्षानुवर्षे त्या संघात दिसत राहिली. गोल करायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स २००४ पासून होता. कोलकात्याचे मोठे क्लब दरसाल नवी माणसे आणून वाजंत्री वाजवत होते, त्या काळात इथे क्षेमाचे काम चालले होते. एकमेकांच्या धावण्याची सवय झालेले अकरा जण एकमेकांकडे न पाहता चेंडू देतात. ही सवय पैशाने विकत मिळत नाही, ती काळाने मुरते. लोणच्यासारखीच. बरणी दर दोन महिन्यांनी बदलली तर फोडी मुरणार कशा?

२०१२ मध्ये रँटी कोलकात्याच्या संघाकडे गेला, पुढच्या वर्षी कुलासोही गेले. गाभ्याची माणसे वयाने मोठी होत गेली आणि २०१५ मध्ये क्लब वरच्या श्रेणीतून खाली आला. माणूस कायमचा राखता येत नाही, हेही यातून दिसते. राखायची असते ती रीत, आणि रीत दुसऱ्या पिढीच्या हाती द्यायची असते.

याच्या उलट उदाहरणही गोव्यातलेच आहे. २०१९-२० च्या हंगामात एफसी गोवा हा संघ इंडियन सुपर लीगच्या साखळीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय संघ ठरला. पण साखळी संपायला थोडेच सामने उरले असताना क्लबाने आपले स्पॅनिश मार्गदर्शक सेर्जिओ लोबेरा यांना निरोप दिला. उरलेला हंगाम निभावण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली त्यांत धेंपोच्या गाभ्यातला तो क्लिफर्ड मिरांडा होता, हे विसरू नये. त्याच वर्षी लोबेरा मुंबई सिटीकडे गेले आणि त्यांच्या पाठोपाठ मुर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस आणि २०१४ पासून गोव्याकडे असलेला मंदार राव देसाई हेही त्याच संघात दाखल झाले. पुढच्या हंगामात, २०२०-२१ मध्ये, साथीमुळे सगळे सामने गोव्यातच झाले. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला टायब्रेकरवर हरवले आणि १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना जिंकला. गोव्याने घडवलेला गाभा, गोव्याची भूमी आणि चषक मात्र मुंबईचा.

यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. ज्याची त्याची कारणे ज्याला त्याला ठाऊक. पण एक धडा घेण्यासारखा आहे. खेळाडू कागदापेक्षा माणसाला बांधलेले असतात. ज्या मार्गदर्शकाने आपला खेळ ओळखला त्याला निरोप दिला की, बाकीच्यांच्या सह्या कितीही ताज्या असोत, घराचा आढा हलतो.

मराठी माणसाला हे नवे नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये सुरू केलेल्या नाटकमंडळीचे काय झाले ते आठवावे. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तीन आधारस्तंभ बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीने तरुण दीनानाथ मंगेशकरांना घेऊन डाव पुन्हा उभा केला. १९१८ मध्ये दीनानाथ आणि चिंतामणराव कोल्हटकरही निघाले आणि बळवंत संगीत मंडळी जन्मली. पाच वर्षांत दोनदा गाभा निसटला. ही मंडळी पोटाला कमी मिळत होते म्हणून गेली नाहीत. ज्या घराचे यश आपल्या गळ्यावर उभे आहे त्या घराच्या कारभारात आपला शब्द किती, हा प्रश्न त्यामागे होता. पगारवाढीची सही घेऊन हा प्रश्न सुटत नसतो. माणसाला राहण्यासाठी पैसा लागतो, आणि टिकण्यासाठी त्याहून काही अधिक लागते.

हे "अधिक" म्हणजे काय, याचा शोध घेताना महाभारतातली दोन माणसे डोळ्यांपुढे येतात. दोघांनाही दुर्योधनाने वेळेआधीच आपलेसे केले होते. पहिला कर्ण. रंगभूमीवर त्याचे कुळ विचारले गेले आणि त्याची मान खाली गेली, त्या क्षणी दुर्योधनाने त्याला अंगदेशाचा राजा केले. कर्णाने तोवर त्याच्यासाठी काही केलेले नव्हते. पुढे युद्ध तोंडावर आले असता श्रीकृष्णाने त्याला जन्मरहस्य सांगितले आणि पांडवांचे थोरलेपण देऊ केले. याहून मोठा प्रस्ताव जगात कोणा वीराला आला नसेल. कर्णाने तो नाकारला. दुसरा शल्य. हा मद्रदेशाचा राजा नकुल-सहदेवांचा मामा, सैन्य घेऊन पांडवांकडेच निघाला होता. वाटेत जागोजागी त्याची सरबराई झाली. ती धर्मराजाने केली असे समजून तो प्रसन्न झाला, आणि करणारा निघाला दुर्योधन. शब्दात सापडलेला शल्य कौरवांकडून लढला. पण कर्णाचा सारथी झाला तेव्हा रथावर बसून त्याने कर्णाचाच तेजोभंग केला. शल्याचा देह दुर्योधनाने राखला, मन राखता आले नाही.

इथपर्यंत उत्तर सोपे वाटते: शल्यासारखे बांधू नये, कर्णासारखे जिंकावे. पण मला कर्णाचीही धास्ती वाटते. उपकार इतका मोठा असावा का, की पुढे मालक अधर्माने चालला तरी माणसाला त्याची साथ सोडता येऊ नये? कर्णाला दुर्योधनाने साखळी घातली नव्हती; त्याने कृतज्ञता घातली होती, आणि ती साखळीहून घट्ट निघाली. आपल्याकडे "खाल्ल्या मिठाला जागणे" हा मोठा गुण मानतात. गुण खराच. पण मीठ वाढणाऱ्याने त्या गुणाचा हिशेब आधीच मांडून ठेवला असेल, तर जेवणाराच्या प्रामाणिकपणाची ती शिकार होते. क्लबाने "आम्ही तुला घडवले" असे म्हणत कमी पैशात सही मागणे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी "तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या" असे म्हणत मुलाचा निर्णय आपल्या खिशात टाकणे, यांत मला फार अंतर दिसत नाही.

हा प्रश्न माझ्यापुढे केवळ वाचनातून आलेला नाही. आमच्या भागातले एक पालक काही काळापूर्वी शाळेत आले. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा, गोव्यात नातेवाइकांकडे राहून एका प्रशिक्षण केंद्रात फुटबॉल खेळतो. असलेल्या कराराचे आठ-नऊ महिने बाकी होते आणि केंद्राने आणखी दोन वर्षांचा कागद पुढे केला होता. कागद इंग्रजीत, घरात बोलणे कोकणी, शाळा मराठी, कचेरीची भाषा कन्नड. "सर, एवढे वाचून सांगा. पोरगा म्हणतो सही करा. करू की नको?" असे त्यांनी विचारले.

मी वाचून दाखवले. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या सहीने करार होत नाही, आणि कायद्याच्या मराठीत अशा मुलाला "अज्ञान" म्हणतात, हे सांगितले. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला तीन वर्षांहून जास्त बांधता येत नाही असा फुटबॉलच्या जागतिक संघटनेचाही नियम आहे, तेव्हा दोन वर्षांत वावगे काही नव्हते. पण तीन जागी माझे बोट अडले. हंगामाच्या शेवटी मुलाला कमी करण्याचा हक्क केंद्राला होता. सोडून जाण्याचा हक्क मुलाला नव्हता. बारावीच्या परीक्षेचा कुठे उल्लेख नव्हता. आणि दुखापत झाली तर तीन महिन्यांनंतर मानधन बंद होणार होते. ते गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, आम्ही गरीब असू, पण घरचा बैल लंगडला तर त्यालासुद्धा आम्ही तीन महिन्यांत दावणीवरून सोडत नाही."

मी त्यांना सही करा किंवा करू नका, यांतले काहीच सांगितले नाही. हे तीन प्रश्न कन्नडात आणि मराठीत लिहून दिले आणि म्हटले, आधी हे विचारून या. दोन आठवड्यांनी ते परत आले. परीक्षेची सुट्टी कागदात आली होती. सोडण्याचा हक्क एका महिन्याच्या सूचनेवर दोघांनाही सारखा झाला होता. दुखापतीची अट तशीच राहिली. मुलाच्या डोळ्यांतली ओढ पाहून वडिलांनी सही केली. त्यांनी बरे केले की वाईट, हे मी सांगू शकत नाही. डोळे उघडे ठेवून केले, एवढे मात्र सांगता येते.

आता शब्द मागणाऱ्यांनी आपला शब्द कितपत पाळला हेही पाहायला हवे. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ २०१० मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यांची कारणे योग्य असतील. तरी मैदान खेळाडूंच्याच पायाखालून गेले. आणि अलीकडची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. देशातला अव्वल फुटबॉल ज्या मूळ करारावर चालत होता तो डिसेंबर २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार होता. तो कधी संपणार हे पंधरा वर्षे सर्वांना ठाऊक होते. तरी महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात रेंगाळत राहिला, वेळेत नूतनीकरण झाले नाही, आणि जुलै २०२५ मध्ये सुपर लीगचा हंगाम स्थगित करावा लागला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले. ज्या जगात वीस वर्षांच्या मुलाकडून दीड वर्ष आधी सही घेतात, त्या जगाच्या मोठ्यांना आपल्या स्वतःच्या कराराची मुदत संपण्यापूर्वी एकत्र बसणे जमले नाही.

म्हणून माझ्यापुरता मी निर्णय असा करतो. मुदतीआधी माणसाला राखून घेणे हे गैर नाही. उलट, योग्य रीतीने केले तर ती माणुसकीची गोष्ट आहे, कारण ती समोरच्याची टांगणी संपवते. पण त्यासाठी तीन गोष्टी हव्यात. समोरच्याला आपली किंमत कळलेली असावी, आणि कळलेली नसेल तर ती सांगण्याची जबाबदारी ज्याला कळली आहे त्याची. त्याला नाही म्हणता यावे, आणि नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला बाकावर बसवू नये. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची: हा शब्द वाईट दिवसातही टिकावा. ज्याला चांगल्या दिवसांतला खेळाडू आधीच हवा आहे, त्याने त्याच्या वाईट दिवसांचे ओझेही आधीच पत्करले पाहिजे. बाजारात चांगला भाव यावा म्हणून जनावराला चार महिने पेंड घालणारा आणि दावणीला म्हातारे होईपर्यंत सांभाळणारा, दोघेही चाराच घालतात. लंगडण्याच्या दिवशी दोघांतला फरक कळतो.

या कसोटीवर धेंपोची कहाणी मला अधुरी, तरी आश्वासक वाटते. मैदान सोडलेला तो क्लब पुन्हा खालून चढत २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला, आणि त्याचा मार्गदर्शक होता जुन्या गाभ्यातलाच समीर नाईक. कोणत्याही करारात हे लिहिलेले नव्हते. लिहिता आलेही नसते.

आमचा तालुका पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाई. ते सुपा गाव काळी नदीच्या धरणाच्या पाण्याखाली गेले आणि माणसे रामनगरला व इतरत्र नव्याने वसली. जाणे-येणे आम्हाला नवे नाही. दरसाल दहावी-बारावी झालेली आमची मुले अनमोडच्या घाटाने खाली उतरतात, नाहीतर दांडेली, बेळगाव, हुबळीचा रस्ता धरतात. तीही या भूमीचा गाभाच आहेत. कन्नड शेजारी त्यांना "नम्म हुडुग" म्हणतो, कोकणी आजी "आमचो भुरगो" म्हणते, आम्ही "आपला मुलगा" म्हणतो. आपले म्हणणे सोपे आहे. त्यांनी राहावे असे वाटत असेल तर ते निघाल्यावर अडवून उपयोग नाही; त्यांच्याशी आधीच बोलले पाहिजे. शेतात तुझा वाटा किती, घरच्या निर्णयात तुझा शब्द किती, आणि जाऊन अपयश आले तर दार उघडे राहील का, हे त्यांना स्वच्छ सांगितले पाहिजे. आणि इतके सांगूनही जो जाईल, त्याला शल्य न करता निरोप दिला पाहिजे.

करार हा शब्द आपल्या दोन्ही घरचा आहे. मराठीत करार, कन्नडात करारु. मुळात तो अरबीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ आहे स्थैर्य, विसावा. म्हणूनच ज्याच्या मनाला स्वस्थता नाही त्याला बेकरार म्हणतात. ज्या कागदावर सही केल्यावर दोघांपैकी एकाचीच झोप शांत होते, त्याला स्टँपपेपर कितीही किमतीचा लावा, करार म्हणायला मन धजत नाही.